लिनक्सवर ऑडिओ तडतडतोय? कर्नलला हात लावायच्या आधी काय आणि नंतर काय

माइक ऑडिओ इंटरफेसला (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) लावला, हेडफोन घातले, गायला सुरुवात केली आणि आपलाच आवाज किंचित उशिरा कानात येतोय. मग कुणीतरी सांगतं बफर (पुढे पाठवायच्या आधी साठवलेला आवाजाचा तुकडा) कमी कर, बफर कमी केला तर उशीर गेला पण आता मधेच टक्, चर्र, टक्. लिनक्सवर घरी रेकॉर्डिंग करायला घेतलेल्या बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, आणि शोधायला गेलं की पहिलं उत्तर मिळतं "आरटी कर्नल टाक", म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) रिअलटाइम, वेळ पाळणारी आवृत्ती. उत्तर चुकीचं नाहीये, पण ते फार पुढच्या पायरीचं आहे. तुमचं वायफाय कार्ड गोंधळ घालत असेल आणि तुम्ही रात्रभर कर्नल कंपाइल करत (सोर्स कोडपासून स्वतः बनवत) बसलात तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून क्रम असा ठेवलाय: आधी मोजायचं, मग कर्नलबाहेरच्या गोष्टी, मग बूटच्या वेळचे दोन शब्द, मग तयार आरटी कर्नल, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच कंपाइल.

कमांड आणि फाइलींची नावं इथे बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाईप करायची. अर्धवट टाईप करून टॅब दाबला की बाकीचं तो भरतो, त्यामुळे स्पेलिंगचं फार टेन्शन नको.

आधी ठरवा, तुम्हाला कमी लेटन्सी (आवाजाचा उशीर) लागते का तरी

हिशोब सोपा आहे. बफरमधल्या फ्रेम्स (आवाजाचे नमुने) भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने). ४८००० च्या रेटला १०२४ फ्रेम्स म्हणजे साधारण २१.३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १२८ म्हणजे २.७ आणि ६४ म्हणजे १.३. हे फक्त एका बफरचं झालं, आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे निदान दोन धरा, वर इंटरफेसमधल्या कन्व्हर्टरचा आणि यूएसबीचा थोडा वेळ. म्हणजे १२८ ला जाऊन-येऊन साधारण ७ ते १० मिलिसेकंद होतात, इंटरफेस कुठला त्यावर थोडं इकडे तिकडे.

आता हे जास्त की कमी? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. बैठकीत तबलजी तुमच्यापासून दोन मीटरवर बसला असेल तर त्याची थाप तुम्हाला सुमारे ६ मिलिसेकंदांनी ऐकू येते आणि त्यावरून कुणाची लय गेल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे "मला २ मिलिसेकंदच पाहिजे" असा हट्ट धरू नका. गायकांचं मात्र जरा वेगळं असतं, स्वतःचा आवाज हाडांतून आधीच कानात पोचलेला असतो आणि हेडफोनमधला त्याच्यावर चढला की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो, म्हणून गाणारा माणूस गिटारवाल्यापेक्षा आधी कुरकुर करतो.

आणि खरं सांगायचं तर कित्येकांना हे काहीच करायची गरज नसते. फक्त मिक्सिंग करताय? १०२४ ठेवा आणि हा लेख इथेच बंद करा. तयार ट्रॅकवर गाणं रेकॉर्ड करताय आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे? ते दाबा, तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येईल, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, झालं काम. कमी लेटन्सी खरी लागते ती तीन ठिकाणी: गिटारला सॉफ्टवेअरमधला ॲम्प लावून वाजवताना, मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधला पियानो किंवा हार्मोनियम वाजवताना, आणि गाताना रिव्हर्ब वगैरे प्लगिनमधूनच ऐकायचा असेल तेव्हा.

तडतड होते म्हणजे काय होतं

पंगतीतला वाढपी आठवा. तुमच्या पानावरचा भात संपायच्या आत तो पोचला पाहिजे. पानावर भात भरपूर असेल, म्हणजे बफर मोठा, तर तो जरा गप्पा मारून आला तरी चालतं. भात चार घास असेल तर त्याला हातातली बादली खाली ठेवून लगेच धावावं लागतं. साधा कर्नल हातातलं काम पुरं करूनच येतो, "प्रीएम्प्ट" केलेला कर्नल मधेच काम सोडून येतो. पोचायला उशीर झाला की पान रिकामं, त्यालाच एक्सरन म्हणतात, आणि तोच तुम्हाला टक् असा ऐकू येतो.

यात सरासरी कामाची नाही. मशीन सरासरी ५ मायक्रोसेकंदात जागं होत असेल पण दहा मिनिटांत एकदाच ३ मिलिसेकंद अडकत असेल, तर १२८ फ्रेम्सवर त्या एका वेळी टेक वाया गेला. म्हणून महागडं, फास्ट मशीनसुद्धा तडतडतं आणि जुनं थिंकपॅड नीट चालतं असं बघायला मिळतं. आरटी कर्नलने मशीन फास्ट होत नाही, उलट एकूण काम किंचित कमीच होतं, फक्त जास्तीत जास्त उशीर किती होऊ शकतो त्याला वेसण बसते.

मोजायचं कसं

पहिली कमांड युनेम -ए. त्यात कुठेतरी प्रीएम्प्ट_डायनॅमिक, नुसतं प्रीएम्प्ट किंवा प्रीएम्प्ट_आरटी असं दिसेल. डायनॅमिक असेल तर चांगली बातमी आहे, का ते पुढे येईल.

दुसरी, पाइपवायर (सगळ्या प्रोग्रामचा आवाज इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम) वापरत असाल (आजकालच्या बहुतेक डिस्ट्रोमध्ये, म्हणजे उबंटू-फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत, तोच असतो) तर पीडब्ल्यू-टॉप. यात क्वांट म्हणजे सध्याचा बफर, रेट म्हणजे सॅम्पल रेट, बी/क्यू म्हणजे दिलेल्या वेळातला किती हिस्सा खरं काम करण्यात गेला, आणि ईआरआर म्हणजे चुकलेल्या वेळांची संख्या. रेकॉर्डिंगचं तुमचं नेहमीचं प्रोजेक्ट उघडा, प्लगिन लावा, वाजवा आणि ईआरआरकडे बघत राहा. सुरुवातीला प्रोग्राम उघडताना तो आकडा थोडा वाढतो, ते सोडून द्या, वाजवताना वाढतोय का ते बघा. बी/क्यू जर ०.८ - ०.९ ला टेकत असेल तर प्रॉब्लेम कर्नलचा नाहीच, प्लगिन जड आहेत, सीपीयूला ते झेपत नाहीयेत, आणि जगातला कुठलाही आरटी कर्नल त्यावर उपाय नाही. ट्रॅक फ्रीझ करा किंवा बफर वाढवा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सायक्लिकटेस्ट. आरटी-टेस्ट्स नावाच्या पॅकेजमध्ये मिळते. सुडो सायक्लिकटेस्ट -एम -एस -पी९० -आय२०० -डी१०एम, यातले एस आणि डी कॅपिटल. ही सीपीयूच्या प्रत्येक कोअरवर एक थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) लावते, तो दर २०० मायक्रोसेकंदांनी उठायचा प्रयत्न करतो आणि किती उशिरा उठला ते लिहिते, दहा मिनिटं. नुसतं रिकाम्या मशीनवर चालवून उपयोग नाही, शेजारच्या टर्मिनलमध्ये हॅकबेंच चालवा (त्याच पॅकेजमध्ये येतं), ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा, एखादी मोठी फाइल कॉपी करा, मशीनला जरा घाम फुटू द्या.

आउटपुटमध्ये प्रत्येक कोअरची एक ओळ येते, शेवटी मिन, ॲक्ट, ॲव्हजी आणि मॅक्स. समजा मिन २, ॲव्हजी ६, मॅक्स १८७४ असं दिसलं. आकडे मायक्रोसेकंदात. ६ बघून खूश होऊ नका, १८७४ बघा. ६४ फ्रेम्सचा पूर्ण वेळच १३३३ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे तिथे मेलंच. १२८ ला २६६७ असतात, त्यातले १८७४ जागं व्हायलाच गेले तर प्लगिनसाठी उरले जेमतेम ८००. माझा अंदाजपंचे नियम असा की मॅक्स १०० च्या आत असेल तर ६४ वर बिनधास्त जा, ३०० पर्यंत असेल तर १२८ ला हरकत नाही, हजाराच्या वर असेल तर काहीतरी नक्की बिघडलेलं आहे आणि ते शोधायचं.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हीच टेस्ट, असाच लोड देऊन. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

कर्नलबाहेरच्या गोष्टी, ज्यात निम्मे प्रॉब्लेम सुटतात

परवानगी. ऑडिओच्या थ्रेडला रिअलटाइम प्राधान्य मागता आलं पाहिजे, नाहीतर कर्नल कितीही भारी असला तरी तुमचा प्रोग्राम साध्या रांगेतच उभा. टर्मिनलमध्ये युलिमिट -आर टाका, ० आलं तर परवानगी नाही. पाइपवायर अशा वेळी आरटीकिट नावाच्या सेवेकडून थोडंफार प्राधान्य मिळवतो, तेवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतंही, पण नीट करून ठेवलेलं बरं. डेबियन-उबंटूवर जॅकडी२ पॅकेज (जॅक हा पाइपवायरसारखाच, जुना ऑडिओ सर्व्हर) टाकताना तो विचारतो रिअलटाइम चालू करू का, हो म्हणायचं. आर्चवर रिअलटाइम-प्रिव्हिलेजेस पॅकेज टाकून स्वतःला रिअलटाइम ग्रुपमध्ये घालायचं. हाताने करायचं असेल तर ईटीसी / सिक्युरिटी / लिमिट्स.डी मध्ये ऑडिओ.कॉन्फ नावाची फाइल करून दोन ओळी लिहा: @ऑडिओ - आरटीप्रायो ९५, आणि खाली @ऑडिओ - मेमलॉक अनलिमिटेड. मग सुडो युजरमॉड -एजी ऑडिओ आणि पुढे तुमचं युजरनेम, यात जी कॅपिटल आणि ए लहान, आणि तो ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडाल, सुडोसकट, त्यामुळे एंटर दाबायच्या आधी एकदा वाचा. लॉगआउट करून परत आलात की युलिमिट -आर ९५ दाखवेल. नाही दाखवलं तर सरळ रिबूट.

सीपीयूचा वेग. लॅपटॉप वीज वाचवायला सीपीयू हळू करतो आणि काम आलं की वेग वाढवतो, त्या वाढवण्यात वेळ जातो. सुडो सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-सेट -जी परफॉर्मन्स, किंवा नोम-केडीईमध्ये पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्सवर. चार्जर लावून बसा. बॅटरीवर रेकॉर्डिंग करायचं आणि मग तक्रार करायची यात अर्थ नाही. काही मशीनवर सीपीयू फार गाढ झोपतो, सी-स्टेट म्हणतात त्याला, आणि उठायला वेळ घेतो, बूटला प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१ (इंटेलवर इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१) देऊन ते बंद करता येतं पण मग लॅपटॉप तापतो आणि पंखा माइकमध्ये ऐकू येतो, म्हणून ते अगदीच गरज पडली तर.

वायफाय आणि ब्लूटूथ. बंद करून टेस्ट करा. खूप वेळा मॅक्सचा आकडा इथेच धाडकन खाली येतो. रेकॉर्डिंगच्या वेळी एअरप्लेन मोड ही काही मोठी शिक्षा नाही, व्हॉट्सॲपही वाजत नाही.

यूएसबी. इंटरफेस हबला नाही, थेट लॅपटॉपला लावायचा. एलएसयूएसबी -टी ने झाड दिसतं, त्यात तुमचा इंटरफेस कुठल्या फांदीवर आहे आणि शेजारी कोण बसलंय ते बघा. वेबकॅम आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्याच कंट्रोलरवर असतील तर पोर्ट बदलून बघा. टीएलपीसारखी वीज वाचवणारी टूल्स यूएसबी झोपवतात, तिथे इंटरफेसला सूट द्या.

ग्राफिक्स. एनव्हिडियाचा क्लोज्ड ड्रायव्हर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, तो आरटी कर्नलवर बिल्ड व्हायला आपणहून नकार देतो. इग्नोर_प्रीएम्प्ट_आरटी_प्रेझेन्स=१ असं सांगून करता येतं पण ते तुमच्या जबाबदारीवर. ऑडिओसाठीच मशीन घ्यायचं असेल तर इंटेल किंवा एएमडीचं आतलं ग्राफिक्स सगळ्यात बिनघोर.

बूटच्या वेळचे दोन शब्द

आता कर्नल. आणि इथे आनंदाची गोष्ट ही की ५.१२ पासून कर्नलमध्ये डायनॅमिक प्रीएम्प्शन आलंय, म्हणजे एकाच कर्नलला बूट करताना सांगता येतं की तू नन, व्हॉलंटरी की फुल वागायचं. पूर्वी यासाठी वेगळा कर्नल लागायचा. युनेममध्ये प्रीएम्प्ट_डायनॅमिक दिसलं होतं ना, मग तुमच्याकडे हे आहे.

ईटीसी / डिफॉल्ट / ग्रब (ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) ही फाइल सुडो नॅनोने उघडा, ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीत अवतरण चिन्हांच्या आत शेवटी प्रीएम्प्ट=फुल थ्रेडआयआरक्यूज असं जोडा. सुडो अपडेट-ग्रब, रिबूट. फेडोरावर हेच ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्स ने होतं. पहिला शब्द कर्नलला मधेच काम सोडायला लावतो. दुसरा शब्द हार्डवेअरकडून येणाऱ्या हाका, म्हणजे इंटरप्ट, वेगवेगळ्या थ्रेडमध्ये टाकतो, म्हणजे मग कुणाला आधी आणि कुणाला नंतर हे आपल्याला ठरवता येतं.

उबंटू स्टुडिओवाल्यांना हे हाताने करावं लागत नाही, तिथे हे पॅरामीटर आधीच लावलेले असतात. साध्या उबंटूमध्येही २४.१० पासून जेनेरिक कर्नलचा टायमर १००० हर्ट्झवर नेलाय, आधी तो २५० होता, त्यामुळे लो-लेटन्सी नावाचा वेगळा कर्नल शोधत बसायचं फारसं कारण उरलं नाही.

परत सायक्लिकटेस्ट. माझ्या मते दहातल्या आठ जणांनी इथे थांबावं. १२८ वर प्रोजेक्ट तासभर चालवलं आणि ईआरआर हलला नाही तर गिटार उचला आणि वाजवा.

तयार आरटी कर्नल

थोडा इतिहास, कारण जुने लेख वाचून लोक अजून पॅच (कर्नलवर वरून लावायचे बदल) शोधत फिरतात. रिअलटाइम प्रीएम्प्शनचं काम इंगो मोल्नर, थॉमस ग्लाइक्सनर वगैरे मंडळींनी २००४ च्या आसपास सुरू केलं आणि वीस वर्षं तो बाहेरचा पॅच म्हणूनच राहिला, थोडा थोडा आत जात राहिला. शेवटी अडकलं होतं ते प्रिंटके पाशी, म्हणजे कर्नल स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये मेसेज लिहितो त्या साध्या दिसणाऱ्या कामापाशी. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाला ग्लाइक्सनरने लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सच्या हातात शेवटची विनंती चक्क कागदावर छापून, सोनेरी कागदात गुंडाळून दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट_आरटी अधिकृतपणे मुख्य कर्नलचा भाग झाला. म्हणजे ६.१२ किंवा त्यानंतरचा कर्नल असेल तर वेगळा पॅच लागत नाही, नुसता पर्याय निवडायचा. पॅच डाउनलोड करायला सांगणारा लेख दिसला तर त्याची तारीख बघा.

डेबियनवर सगळ्यात सोपं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४. आर्चवर लिनक्स-आरटी. उबंटूवर प्रो खात्यातून मिळतो, घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे. जुना कर्नल काढू नका, ग्रबमध्ये दोन्ही राहू देत. रिबूट करून युनेम -ए मध्ये प्रीएम्प्ट_आरटी दिसलं की चालू झालं. याच्यात थ्रेडआयआरक्यूज वेगळं द्यावं लागत नाही, आरटीमध्ये ते असतंच.

स्वतः कंपाइल करायचं असेल तर

तुमच्या डिस्ट्रोत आरटी मिळत नाही, किंवा हौस आहे, हौसेला मोल नाही. खालचं सगळं डेबियन-उबंटू धरून लिहितोय.

सामान: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, डेबहेल्पर. डिस्कवर निदान २५-३० जीबी मोकळी ठेवा. कर्नल डॉट ओआरजीवरून ६.१२ घ्या, तो दीर्घकाळ सपोर्ट असलेला आहे, स्टुडिओच्या मशीनला रोज नवीन कर्नल कशाला पाहिजे.

डाउनलोड झालेली टार फाइल उघडून फोल्डरमध्ये जा. बूट फोल्डरमध्ये कॉन्फिग- आणि पुढे तुमचं कर्नल व्हर्जन अशा नावाची फाइल असते, ती इथे .कॉन्फिग नावाने कॉपी करा. मग मेक ओल्डडेफकॉन्फिग. शून्यापासून कॉन्फिग करायच्या भानगडीत पडू नका, शेवटी कीबोर्डच चालत नाही अशी वेळ येते.

आता मेक लोकलमॉडकॉन्फिग. ही कमांड सध्या लोड असलेले ड्रायव्हर बघते आणि बाकीचे उडवते, त्यामुळे कंपाइल व्हायला लागणारा वेळ फार कमी होतो. पण म्हणूनच ती द्यायच्या आधी ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मोबाईलची टेदरिंग केबल, जे जे कधी ना कधी लावता ते सगळं एकदा लावा. त्या क्षणी जे लावलेलं नाही त्याचा ड्रायव्हर नवीन कर्नलमध्ये नसेल, आणि मग ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी पेन ड्राइव्ह उघडत नाही.

मेक मेन्यूकॉन्फिग दिलं की निळी स्क्रीन येते. काही सापडलं नाही तर / दाबून शोधा. बदल एवढेच:

जनरल सेटअपमध्ये एक्सपर्ट युजर्सवाला पर्याय चालू करा, तो नसेल तर आरटीचा पर्याय दिसतच नाही आणि लोक तासभर शोधत बसतात. मग तिथेच फुली प्रीएम्प्टिबल कर्नल, रिअलटाइम. व्हर्जनप्रमाणे तो प्रीएम्प्शन मॉडेलच्या यादीत शेवटी असतो किंवा वेगळी खूण म्हणून असतो. लोकल व्हर्जनमध्ये -ऑडिओ असं काहीतरी लिहा, ग्रबमध्ये ओळखायला बरं.

टायमर्समध्ये हाय रेझोल्युशन टायमर चालू आहे ना बघा, डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये असतोच. प्रोसेसर टाइपमध्ये टायमर फ्रीक्वेन्सी १००० हर्ट्झ. यावर लोक हिरिरीने वाद घालतात, पण हाय रेझोल्युशन टायमर असताना १००० ने फार चमत्कार होत नाही, तोटाही नाही, करून टाका. साउंडच्या भागात अल्सामध्ये (कर्नलमधली साउंड यंत्रणा) एचआर-टायमर चालू ठेवा, मिडीचं टायमिंग त्यावर नीट बसतं, आणि यूएसबी साउंड डिव्हाइसेसमध्ये तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर आहे ना ते बघा.

कर्नल हॅकिंगमध्ये लॉक डीबगिंग, डीबग प्रीएम्प्ट वगैरे सगळं बंद. हे विसरलं तर आरटी कर्नल साध्यापेक्षा वाईट आकडे दाखवतो. डीबग इन्फोही बंद करा, निम्मी डिस्क वाचेल.

सेव्ह करून बाहेर या. आता एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात: उबंटूचं कॉन्फिग सही करायच्या सर्टिफिकेटची अशी फाइल मागतं जी तुमच्याकडे नाही, आणि मेक मधेच "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून थांबतो, नाव शेवटी .पेम असलेलं. त्यावर स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल सिस्टम_ट्रस्टेड_कीज आणि तसंच --डिसेबल सिस्टम_रिव्होकेशन_कीज, दोन्ही नावं कॅपिटलमध्ये. मग मेक -जे आणि पुढे कोअरची संख्या, आणि शेवटी बिनडेब-पीकेजी. चहा टाका. लोकलमॉडकॉन्फिग केलं असेल तर बऱ्यापैकी मशीनवर फार वेळ लागत नाही, जुन्या दोन कोअरवाल्यावर मात्र जेवण करून या.

बाहेरच्या फोल्डरमध्ये .डेब फाइली तयार होतात, इमेज आणि हेडर्स दोन्ही सुडो डीपीकेजी -आय ने टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः केलेला कर्नल सही नसल्यामुळे बूट होणार नाही. मोकयुटिल --एसबी-स्टेट ने आधी बघा, आणि एकतर बायोसमध्ये ते बंद करा नाहीतर स्वतःची की तयार करून सही करा. एकाच मशीनवर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकरची रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, ही विनंती नाही, ताकीद आहे.

इंटरप्टची रांग लावणे

थ्रेडआयआरक्यूज किंवा आरटी, दोन्हीत इंटरप्टचे थ्रेड डिफॉल्टने ५० प्राधान्यावर येतात, सगळे सारखे, म्हणजे तुमचा ऑडिओ इंटरफेस आणि वायफाय एकाच ओळीत. पीएस -ईएलओ पीआयडी,सीएलएस,आरटीप्रायो,कॉम (यात एल कॅपिटल) दिलं की आयआरक्यू/१२५-एक्सएचसीआय_एचसीडी अशा ओळी दिसतात, एक्सएचसीआय म्हणजे यूएसबी कंट्रोलर. दोन-तीन असतील तर कुठला तुमचा? वॉच -एन१ कॅट प्रॉक/इंटरप्ट्स लावा आणि इंटरफेसवर आवाज चालू-बंद करून बघा कुठल्या ओळीचा आकडा पळतोय.

तो सापडला की सुडो सीएचआरटी -एफ -पी ९० आणि पुढे त्याचा पीआयडी (वरच्या यादीतला त्याचा क्रमांक). क्रम असा पाहिजे: सगळ्यात वर इंटरफेसचा इंटरप्ट, त्याखाली पाइपवायर किंवा जॅकचा थ्रेड (पाइपवायर परवानगी मिळाली तर ८० च्या वर बसतो), बाकी सगळे ५० वर. ९९ कुणालाच देऊ नका, तिथे कर्नलची स्वतःची कामं असतात. हे दर बूटला हाताने करायला नको असेल तर आरटीआयआरक्यू नावाची स्क्रिप्ट आहे, क्यूजॅकसीटीएल लिहिणाऱ्या रुई नुनो कापेलांचीच, बऱ्याच डिस्ट्रोत पॅकेज म्हणून मिळते.

शेवटी बफर कमी करा आणि खरी लेटन्सी मोजा

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १२८. चालू असतानाच बदलतं, रिस्टार्ट नको, आणि काम झालं की १२८ च्या जागी ० दिलं की मूळ पदावर. आधी २५६ वर अर्धा तास, मग १२८, मग वाटलं तर ६४. ३२ चा नाद सोडा.

प्रोग्राममध्ये दिसणारा लेटन्सीचा आकडा हा नुसता हिशोब असतो. खरी मोजायची तर इंटरफेसच्या आउटपुट १ पासून इनपुट १ ला एक केबल लावा, स्पीकर आणि हेडफोन बंद, गेन कमी, पीडब्ल्यू-जॅक जॅक_आयओडिले चालवा, क्यूपीडब्ल्यूग्राफमध्ये त्याच्या दोन्ही तारा जोडा. तो फ्रेम्समध्ये आणि मिलिसेकंदात सांगतो की आवाज जाऊन परत यायला किती लागले.

तरी अधूनमधून टक् येतंच असेल, सगळं करून, आरटीवर, वायफाय बंद ठेवून, तर सुडो एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट --ड्युरेशन=१०एम चालवा. हे कर्नलच्या खालचं बघतं. काही मशीनचं बायोस कर्नलला न विचारता सीपीयू काही काळ ताब्यात घेतं, पंखा-तापमान बघायला वगैरे, आणि त्या वेळी कर्नलला काही कळतही नाही नि करताही येत नाही. इथे शेकड्यांत मायक्रोसेकंद दिसले तर बायोस अपडेट करून बघा, त्यातले वीज वाचवायचे पर्याय बंद करून बघा, नाहीच झालं तर त्या मशीनवर २५६ हीच मर्यादा समजा किंवा दुसरं मशीन.

मिटिगेशन्स=ऑफ लावायला सांगणारे बरेच भेटतील, त्याने सुरक्षेचे पॅच बंद होतात आणि जास्तीत जास्त उशिराच्या आकड्यात सहसा काही फरक पडत नाही, त्यामुळे ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करता तिथे तर अजिबात नको. एचपीईटी आणि आरटीसी या टायमरचे आकडे वाढवा असं जुन्या लेखांत असतं, ते आज बहुतेकांना लागत नाही.

स्वतः कंपाइल केलेला कर्नल ॲप्ट अपग्रेडने अपडेट होत नाही हे लक्षात असू द्या. ६.१२ चं नवीन पॉइंट व्हर्जन आलं की जुनी .कॉन्फिग नवीन फोल्डरमध्ये टाका, मेक ओल्डडेफकॉन्फिग, बिनडेब-पीकेजी, डीपीकेजी, एवढंच, मेन्यूत परत जायची गरज नाही. आणि अपडेट गाण्याच्या सेशनच्या आदल्या रात्री करायचं नसतं.